नंबराला लावलेला ड्रम

रिकामा ड्रम बघायला तुम्ही कधी गाडी काढून गेला आहात का? खरं सांगा. भरलेला नव्हे, रिकामाच. पोरांना मागं बसवून, मोबाइल चार्ज करून, ऊन उतरायची वाट बघून? हसू नका. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात या शहरातल्या भल्या भल्या माणसांनी बीड बायपासच्या कडेला गाड्या लावल्या होत्या आणि दत्तकृपा नगरातल्या आवडाबाईचा रिकामा ड्रम बघितला होता. तो आवडाबाईचा आहे हे त्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ही माणसं नुसती बघायला आलीत, हे आवडाबाईला शेवटपर्यंत पटलं नाही. नुसतं बघायला कोण येतं?

गावाकडं असताना आवडाबाई अशी संशयी नव्हती म्हणतात. वैजापूरकडच्या त्या गावात कुणी दारात आलं की आधी पाणी पुढं व्हायचं, मग चौकशी. पुढं विहीर आटली, बैलजोडी बाजारात गेली, थोरला सत्यम वाळूजच्या कंपनीत चिकटला आणि त्याच्या मागोमाग आवडाबाई शहरात आली. गुंठेवारीतला प्लॉट घेतला तेव्हा विकणारा म्हणाला होता, रस्ता तीस फुटी आहे. बैलगाडी वळेना इतका तो अरुंद निघाला. तो म्हणाला होता, दिवाळीला नळ येतो. कुठली दिवाळी, ते तिनं विचारलं नव्हतं. तेव्हापासून आवडाबाई सगळं विचारते. भाजीवाल्याला विचारते, मतं मागणाऱ्याला विचारते, मोफत डोळे तपासायला आलेल्या डॉक्टरला तर तिनं उलट विचारलं होतं, "तुमचे डोळे कोण तपासतं?"

नळ आला नाही, टँकर आला. चार-पाच दिवसांनी एकदा. तिचं घर गल्लीच्या पार टोकाला, नाल्याला चिकटून. टँकर तिथवर पोचेपर्यंत त्यात गाळ आणि फेस उरायचा. पहिला उन्हाळा तिनं तसाच काढला. दुसऱ्या उन्हाळ्यात एके दिवशी तिनं निळा ड्रम आडवा पाडला, लाथेनं ढकलत ढकलत गल्लीच्या तोंडाशी आणला, खांबाखाली उभा केला आणि त्याला पाठ टेकून बसली. तोंडाशी घरं असलेले बाप्ये भांडायला आले. ती म्हणाली, "तुमची घरं पुढं असतील, माझा ड्रम पुढं हाय. टँकर घरात ओततो का ड्रमात?"

त्या भांडणातून गल्लीला कायदा मिळाला. नंबर घराचा नाही, ड्रमाचा. ज्याचा ड्रम आधी लागला, त्याचा नंबर आधी. माणूस कामाला जाऊ दे, दवाखान्यात जाऊ दे, ड्रम उभा आहे म्हणजे माणूस उभा आहे. दुसऱ्याचा ड्रम कुणी हलवायचा नाही, त्याच्यात लागलेला पाइप कुणी काढायचा नाही. भांडणं मिटली असं नाही, पण डोकी फुटायची थांबली. टँकरचा ड्रायव्हर कचरू यालाही हे सोयीचं होतं. तो आवडाबाईच्या ड्रमात पाइप सोडायचा, व्हॉल्व्ह खोलायचा आणि नाक्यावर चहाला जायचा. पुढचं गल्ली बघायची.

तिचा ड्रम लांबून ओळखू यायचा. बैलांची शिंगं रंगवायचा डबा ती गावाहून घेऊन आली होती. बैल गेले, तळाला रंग उरला होता. त्यातून तिनं ड्रमाला दोन पांढरे पट्टे ओढले आणि मधे लाल ठिपका दिला, बैलाच्या कपाळावर देतात तसा. गल्ली गमतीनं म्हणायची, आवडाबाईनं ड्रमाचा पोळा केला.

अशा त्या ड्रमावर मार्च महिन्यात दोन परक्या माणसांची नजर पडली.

एक होत्या नीरजाताई, इथल्याच, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या. दुसरा शंतनू, मुंबईचा, दाढीवाला, पायात चांगल्या चपला. भर दुपारी दोघं गल्लीत आली, तेव्हा आवडाबाई खांबाखाली शेंगा फोडत बसली होती. नीरजाताईंनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, "मावशी, आम्हाला जुने ड्रम हवे आहेत. बदल्यात नवा कोरा ड्रम देऊ."

आवडाबाईनं शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. "जुन्याला काय सोनं लागलंय?"

"आम्ही एक मोठी कलाकृती करतोय. इन्स्टॉलेशन म्हणतात. तुमच्या नगरापुढच्या, बायपासला लागून असलेल्या या मोकळ्या मैदानात. शेकडो ड्रमांची एकच रांग, सगळ्या मैदानभर फिरवत नेलेली. लोक येऊन बघतील."

"ड्रम भरल्याले?"

"नाही, रिकामे."

"रिकामे ड्रम बघायचे असतील तर हितं या म्हणा लोकांना. रोज मांडल्याले असतात. कुलूप नाय, तिकीट नाय."

शंतनू हसला. हसणं बरं होतं त्याचं, पण आवडाबाई बऱ्या हसण्याला जास्त घाबरायची. तो खाली उकिडवा बसला आणि म्हणाला, "तेच तर मावशी. इथं आहेत, पण दिसत नाहीत. एकेक ड्रम एकेका दारात. सगळे एकत्र उभे केले, एवढे मोठे केले, की नजर चुकवून जाता येत नाही."

"आणि तुमाला काय मिळतं?"

"समाधान."

"आणखी?"

नीरजाताई खोकल्या. शंतनू म्हणाला, "नाव होईल थोडं."

"हां," आवडाबाई म्हणाली. "आता खरं बोलला. पण माझा ड्रम मिळायचा नाय. त्यो नंबराला लावल्याला हाय."

बोलणं तिथं मिटायला हवं होतं. मिटलं नाही, कारण किराणा दुकानाच्या ओट्यावरून तात्यासाहेब उठून आले. तात्यासाहेब म्हणजे या नगरातला प्रत्येक हार आधी ज्यांच्या गळ्यात पडतो ते गृहस्थ. कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं, त्यातलं एकही लिहीत नाही. त्यांनी पाहुण्यांना उसाचा रस पाजला आणि गल्लीला सांगितलं, "मोठी माणसं आहेत. आपल्या नगराचं नाव पेपरात येईल. द्या ड्रम."

तात्यासाहेब मधे पडले आणि आवडाबाईचा संशय पक्का झाला. मोकळ्या जागेवर त्यांचा डोळा होता, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पलीकडच्या नगरात अशीच एक मोकळी जागा होती. पहिल्यांदा तिथं उत्सवाचा मांडव पडला. मांडवावर पत्रा आला, पत्र्याखाली भिंत आली, भिंतीला शटर लागलं, आणि आता तिथं मोबाइलच्या दुकानांची ओळ आहे. शहर वाढत होतं ना तेव्हा, अजूनही वाढतंय. शहर वाढतं म्हणजे काय होतं? जिथं टँकर वळायचा, तिथं शटर वाजतं.

"ड्रम-बिरम सगळं सोंग," तिनं रात्रीच्या भाकरी थापता थापता सुनेला सांगितलं. "जागेचा कबजा चाललाय. कलेच्या नावानं मांडव घालत्यात."

सून सोनिया चुलीत काटकी सारत होती. तिला नीरजाताईंनी मोबाइलवर शंतनूच्या जुन्या कामाचा एक फोटो दाखवला होता. कुठल्या तरी कोरड्या तळ्यात मांडलेल्या पितळी वाट्या, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि त्यांच्यावर पडलेलं सकाळचं ऊन. सोनियाच्या डोक्यातून तो फोटो जात नव्हता. वाटी तर तिच्या मांडणीतही होती. पण एवढ्या वाट्या? एवढ्या वाट्या एका जागी बघितल्या की नजर हलत नाही, आणि ते का, हे सासूला सांगता येत नाही.

मैदानात काम सुरू झालं. गल्लोगल्लीतून जुने ड्रम निघाले, नवे आले. आवडाबाई रोज जाऊन कुठं खड्डा खणलाय का, कुठं चुना मारलाय का, बघून यायची. बांबू दिसायचे, सुतळ्या दिसायच्या, पाया काही दिसेना. ते तर तिला आणखी वाईट लक्षण वाटलं. उघड खणत नाहीत म्हणजे डाव मोठा. शेवटी तिनं वॉर्ड ऑफिसात तोंडी तक्रार द्यायचं ठरवलं. सकाळी डोक्यावर पदर घेतला, सोनियाला सांगितलं, "ड्रमाकडं ध्यान ठेव," आणि गेली.

ऑफिसात साहेब जागेवर नव्हते. जेवणानंतर येतील म्हणाले. जेवणानंतर मीटिंगला गेले म्हणाले. दिवस कलता कलता ती उन्हानं रापून परत आली, गल्लीच्या तोंडाशी थबकली. खांबाखाली एक ड्रम होता. निळाशार, तुकतुकीत, कोरा. त्याच्यावर पट्टे नव्हते, ठिपका नव्हता.

ती घरी पोचली, तर सोनिया दारातच उभी होती. लपवायचं तिनं मनात आणलंच नव्हतं.

"आत्याबाई, मी दिला. आपला खालून झिजला होता. नवा मिळाला तर काय वाईट?"

"मी नाय म्हणले होते."

"तुम्ही कब्जा होईल म्हणला होता. ड्रमाचं काय म्हणला नव्हता." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "त्यांनी तो सगळ्यात पुढं लावलाय. पट्टे बघून. म्हणाले, रांगेला तोंड पाहिजे, हे तोंड."

आवडाबाई त्या संध्याकाळी जेवली नाही. मैदानाला दोरी बांधून रखवालदार बसवला होता. तो म्हणाला, उद्घाटन उद्या, आज आत कुणी नाय. तेव्हा ती शेजारच्या अर्धवट इमारतीत शिरली. अपार्टमेंट उभं राहत होतं, जिन्याला कठडे नव्हते. भिंतीला हात लावत ती वर वर गेली आणि वरच्या स्लॅबवर उभी राहून खाली वाकली. तिला आखणी बघायची होती. वरून कळतं, कुठून कुठं भिंत घालणारेत ते.

भिंत दिसली नाही. रांग दिसली.

नाल्याच्या बाजूनं ती निघाली होती, मैदानाला वळसे घालत, आत येत, बाहेर जात, पुन्हा आत. निळ्यामागं निळा, उतरत्या उन्हात एकेकाची सावली दुसऱ्याच्या अंगावर पडलेली. जणू कुणी तिच्या गल्लीची, शेजारच्या गल्लीची, त्याच्याही पुढच्या नगराची सगळं वाट बघणं गोळा करून एका दोऱ्यात ओवलं होतं. आणि सगळ्यांच्या पुढं, दोन पांढरे पट्टे आणि लाल ठिपका. तिचा ड्रम. एवढ्या मोठ्या कळपापुढं एकटा उभा राहिलेला बैल असावा, तसा.

तिला ते आवडलं. किती वेळ उभी होती, तिलाही कळलं नाही. खालून कुत्रं भुंकलं तशी ती भानावर आली आणि पहिल्यांदा तिनं कमरेच्या पिशवीला हात लावला. जत्रेत मोठ्या पाळण्याकडं मान वर करून बघताना खिसा कापला जातो, हे तिनं बघितलं होतं. एवढं छान दिसतंय म्हणजे नक्की काहीतरी चाललंय. सकाळी उजाडताच ड्रम काढून आणायचा, असं ठरवून ती खाली उतरली.

सकाळ उजाडली ती टँकरच्या दिवसाची.

आता आजूबाजूच्या नगरांचा विचार करा. त्या माणसांना ना शंतनू माहीत, ना कला. त्यांनी सकाळी डबा घेऊन बाहेर पडताना काय बघितलं? बायपासच्या कडेला, मैदानभर, ड्रमांची रांग. आयुष्यात रांग दिसली की तिचा एकच अर्थ त्यांना ठाऊक. बातमी पसरली, मोठा टँकर येतोय, सगळ्या भागाला मिळून एकच, आणि आपण मागं पडलो. ड्रम निघाले. हातगाड्यांवर, सायकलींवर, डोक्यावर. ज्यांच्याकडं ड्रम नव्हता त्यांनी हंडे आणले, तेलाचे डबे आणले. रखवालदारानं दोन-चार जणांना अडवलं, मग स्वतःच बायकोला फोन लावला की तूही घेऊन ये. बघता बघता रांगेला शेपूट फुटलं आणि ते दोरीखालून बाहेर पडून बायपासच्या कडेकडेनं सरकायला लागलं.

शंतनू हे सगळं कॅमेऱ्यातून बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते. तो नीरजाताईंना म्हणाला, "लोक सामील झाले. मी बोलावलंही नव्हतं." भाबडा होता बिचारा.

आवडाबाईला मैदानाकडं जायला जमलं नव्हतं. टँकरच्या दिवशी गल्लीचं तोंड सोडून जाणं म्हणजे भांडणाला आवतण. नव्या ड्रमाजवळ ती ताटकळत बसली होती. कचरूच्या टँकरचा हॉर्न तिनं ऐकला. मग इंजिन बंद झाल्याचा आवाज ऐकला, तो मैदानाच्या बाजूनं. टायर बसलं असंल, ती मनात म्हणाली. बराच वेळ वाट बघितली. मग नाक्याकडून कचरू चहाचा ग्लास घेऊन आरामात चालत येताना दिसला, तशी ती उठली.

"कचरू, टँकर कुठाय?"

"तितं. लाइन तितंच नेली ना तुम्ही?" कचरू म्हणाला. "लावला की पाइप. तुझ्याच ड्रमाला लावला, मावशी. पैला नंबर."

ती धावली. गुडघे दुखत होते, तरी धावली. रांगेच्या तोंडाशी शुकशुकाट होता. खरे ड्रमवाले पार मागं शेपटाला उभे, पुढं नुसते कलेचे ड्रम. मधे कुणी आलं-गेलं असेल, पण पाइपाला हात कोण लावणार? पहिल्या नंबराचा ड्रम भरतोय, त्यात लागलेला पाइप काढायचा नाही. तिनंच तर कायदा केला होता.

पाइप ढिला पडला होता. पाण्याची शेवटची धार पडत होती. तिनं वाकून आत बघितलं. ड्रमाच्या आत तळ नव्हता. काळी माती होती, हातभर भेगा पडलेली, आणि त्या भेगा घटाघटा पीत होत्या.

तिनं टँकरकडं जाऊन व्हॉल्व्ह आवळला. कचरू मागून आला, त्यानं टँकरला थाप मारून बघितली. वरपासून खालपर्यंत पोकळ वाजला.

शंतनू आणि नीरजाताई धावत आले. आवडाबाई ओरडली नाही. गल्लीतल्या बायका सांगतात, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बूड कुठाय?" तिनं विचारलं.

"कापलं, मावशी," शंतनू म्हणाला. "सगळ्यांचंच. बांबूवर बसवायला. आणि कल्पनाच ती होती. कधीच न भरणारं भांडं."

"मंग? भरलं का?"

शंतनूनं ड्रमात वाकून बघितलं. तो तिथंच, ओल्या मातीच्या कडेला, खाली बसला. पांढरा पायजमा चिखलात गेला, तरी त्याला भान नव्हतं. "मला हे नको होतं," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. आवडाबाईलाही ते खोटं वाटलं नाही, आणि म्हणून तिला आणखी राग आला. चोराला धरता येतं. चांगल्या मनाच्या माणसाला काय धरायचं?

"मी खासगी टँकर मागवते, आत्ता," नीरजाताईंनी मोबाइल काढला.

"एका टँकरानं तुमचं मन भरंल, ताई. गल्ली नाय भरायची."

मागं बातमी पोचली होती. टँकर रिकामा झाला, पाणी मातीत गेलं. शेपटाकडून शिव्या ऐकू यायला लागल्या. माणसं आपापले ड्रम उचलायला वाकली. आणि त्याच वेळी आवडाबाईची नजर बायपासकडं गेली.

गाड्या थांबल्या होत्या. ज्या रस्त्यावरून रोज शहर तिच्या गल्लीकडं न बघता भुर्रकन निघून जायचं, त्या रस्त्यावर गाड्या थांबल्या होत्या, काचा खाली झाल्या होत्या, हात बाहेर आले होते, हातांत मोबाइल होते. कुणी बोट दाखवत होतं, कुणी पोराला खांद्यावर घेत होतं. रांग फोटोत मावत नव्हती म्हणून एकजण दुभाजकावर चढला होता.

काल वरच्या स्लॅबवर तिला जे झालं होतं, तेच या सगळ्यांना होत होतं. दाढीवाला म्हणाला होता ते बरोबर होतं तर. एवढं मोठं केलं की चुकवून जाता येत नाही. खोट एकाच जागी होती. त्याला एवढं मोठं करून नुसतं दाखवायचं होतं.

ती रांगेतल्या माणसांकडं वळली आणि तिनं टँकरच्या दिवशीचा आवाज काढला. "कुणी ड्रम उचलायचा नाय. नंबर मोडायचा नाय. जो जितं लागलाय तो तितं ऱ्हाईल."

"पाणी तर संपलं, काकू," कुणीतरी म्हणालं.

"पाणी संपलं. नंबर संपला का?"

गल्लीनंही आपापले ड्रम आणून शेपटाला लावले. तिनं सोनियाला नवा ड्रम आणायला लावला, तो आपल्या जुन्या ड्रमामागं लावला, उपडा केला आणि त्याच्यावर बसली.

संध्याकाळी उद्घाटनाचे पाहुणे आले. सिल्कचे कुर्ते, खादीच्या साड्या, अत्तराचा वास. तात्यासाहेब हार घेऊन पुढं. सगळी गल्ली आपापल्या ड्रमाला टेकून उभी, पोरं कडेवर, तोंडं सुकलेली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हेही कलेतच आहे. एक पाहुण्या बाई आवडाबाईजवळ आल्या आणि गहिवरून म्हणाल्या, "किती सहज उभ्या आहात तुम्ही सगळ्या. अभिनय वाटतच नाही."

"बाई, घरी प्यायला पाणी नाय."

"तेच," बाईंनी मान डोलवली. "अगदी तेच पोचतंय."

आवडाबाईनं बाईंच्या मागच्या माणसाकडं बघितलं. पाणीपुरवठ्याच्या कामातले एक साहेब पाहुण्यांत होते, तात्यासाहेबांनी कौतुकानं आणलेले. बायपास तुंबला होता, पोलिसांच्या शिट्ट्या चालल्या होत्या, पत्रकार उभे होते. साहेबांनी तात्यासाहेबांना बाजूला घेतलं. "हे आवरा. कलेचं राहू द्या, बाकी लोकांनी आपले ड्रम घरी न्यावेत."

तात्यासाहेब हार हातात घेऊनच तिच्यापुढं आले. "आवडाबाई, ऐकलं ना? आपले आपले काढून घ्या. शोभा होतीय."

"कोणते आपले?"

"म्हणजे?"

"सारे निळेच. यातले कलेचे कोणते आन आमचे कोणते, कसं वळखायचं?" तिनं साहेबांकडं बघितलं. "सोपं हाय, साहेब. पाणी टाकून बघा. राहिलं तर आमचं. गेलं तर त्यांचं."

कुणीतरी हसलं. मग सगळी रांग हसली, पार शेपटापर्यंत. पत्रकारांनी ते लिहून घेतलं. साहेबांना हसावं की चिडावं कळेना. शंतनू पाहुण्यांच्या गर्दीतून बाहेर आला, आवडाबाईच्या बाजूला येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माझंही तेच म्हणणं आहे. पाणी येईपर्यंत मी काहीच काढणार नाही." त्या दिवशी त्यानं केलेलं हे एक काम आवडाबाई अजून मान्य करते. बाकीच्याबद्दल विचारू नका.

टँकर आले. त्याच संध्याकाळी एक, दुसऱ्या दिवशी आणखी. पेपरात फोटो होता ना, यावंच लागलं. कलेचे ड्रम सोडून, नंबरानं भरत भरत शेपटापर्यंत गेले. ज्याचा भरला त्यानं पाणी घागरींनी घरी पोचवून आपला रिकामा ड्रम नेला, आणि रांग वितळत गेली. त्या उन्हाळ्यात दत्तकृपा नगराचा टँकर चुकला नाही. पुढच्या उन्हाळ्याचं कुणी बोललं नव्हतं, तेव्हा ते पुढचं भांडण.

जाताना शंतनूनं बिनबुडाचे ड्रम ट्रकमध्ये भरले. दिल्लीला प्रदर्शन होतं म्हणे. शेवटी तो पट्टेवाल्या ड्रमाजवळ आला. आवडाबाई तिथंच होती.

"मावशी, हा मिळाला असता तर..."

"नाय."

"याला आता बूड नाही. तुम्हाला उपयोग काय?"

"नंबराला लावलाय."

"कशाच्या नंबराला? टँकर तर आता परत गल्लीत येतोय."

आवडाबाईनं मैदानावरून नजर फिरवली. ओट्यावर तात्यासाहेब एका ठेकेदाराशी हळू आवाजात बोलत बसले होते. "जागेच्या," ती म्हणाली.

शंतनूनं तिकडं बघितलं, इकडं बघितलं, आणि ड्रमाला पुन्हा हात लावला नाही.

त्यानंतर एकदा सोनियानं तिला छेडलं होतं. "आत्याबाई, तुम्ही वरनं बघितलं होतं ना सगळं? कसं दिसत होतं?"

"लांब," आवडाबाई म्हणाली आणि भाकरी उलटली. दुसरी तव्यावर टाकून म्हणाली, "माझा पुढं होता."

शहर तेव्हाच्या दुप्पट झालंय. त्या अर्धवट इमारतीत लोक राहायला आले, तिच्यामागं तशाच आणखी उठल्या. नगरात नळाची खोदाई झाली, नळही आला. नळाला पाणी कधी येतं, ते तिथल्या बायकांनाच विचारा. मैदान मात्र मोकळं आहे. दोनदा तिथं मांडवाचे बांबू येऊन पडले होते. मजूर ड्रम बाजूला करायला गेले, तर गल्लीतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी त्यांना विचारलं, हा कुणाचा नंबर हाय माहीत हाय का? बांबू परत गेले. परत येणार नाहीत असं नाही. हल्ली सकाळी मोजणीवाले दिसतात, तीन पायांचं तिकाटणं लावून डोळा बारीक करून बघत असतात. आवडाबाई आता काठी टेकत जाते, रोज ड्रमाला हात लावून येते. पट्टे उडालेत, ठिपका अजून दिसतो. एका भंगारवाल्यानं तो एकदा हातगाडीवर टाकला होता. तिनं त्याला नाक्यावर गाठलं आणि जिथला उचलला तिथं, पट्टे रस्त्याकडं करून, परत लावायला लावला.

पण ती सगळीकडं पुरायची नाही. म्हणून तुम्हालाच सांगतो. बायपासनं कधी गेलात आणि मोकळ्या मैदानात निळा, विटका, बिनबुडाचा एकच ड्रम उभा दिसला, तर फोटो काढायचा तर काढा. पण तो हलवू नका, आणि कुणी हलवताना दिसलं तर गाडी थांबवा, खाली उतरा आणि त्याला विचारा, नंबर कुणाचा आहे.